दार अनसाआक्काचं

सकाळी समाजमंदिर झाडायला गेलो, तर दाराला दुसरंच कुलूप. माझं जुनं, हात लागून लागून गुळगुळीत झालेलं कुलूप कुणीतरी तोडून उंबऱ्यावर टाकलेलं, मेलेल्या बेडकागत. आणि त्याच्या जागी कडीला ही मूठभर पितळी ठोकळा. उन्हात नुसता झळाळतोय.

समोरच्या हॉटेलात हिंदुराव सरपंच बशीत ओतून चहा पीत बसलेले. माझी कंबरेची किल्ली माझ्या हातात तशीच.

"काय बघतोस रे केऱ्या?"

"माझं कुलूप बघतोय, सरपंच. कशानं मेलं म्हणून."

"पंचायतीनं नवं लावलंय. दुरुस्ती काढायचीय. तवर बंद."

"पण मोडलंय काय आत?"

सरपंचानं बशी खाली ठेवली, मिशी पुसली. "अजून काय न्हाई," म्हणाला.

गोष्ट लई जुनी. तेव्हा आमच्या तांबटवाडीत ट्रॅक्टर एकच, आणि तो सरपंचाचा. बाकी गाव बैलांवर. आणि बैलांचं गाव म्हणजे इर्जिकीचं गाव. एकट्याच्या बैलजोडीनं काळं रान निघत नाही. मग गाव गोळा व्हायचं, सगळ्यांचे नांगर एकाच्या रानात उतरायचे, सांजपर्यंत रान उलथून मोकळं. मजुरी नाही, काही नाही. रानमालकानं पोटभर जेवण घालायचं, बस्स.

हे सगळं चालायचं समाजमंदिरातनं, आणि समाजमंदिर चालायचं माझ्या हातनं. झाडणं माझं, किल्ली माझी, मोठे हंडे, पातेली, पराती, सतरंज्या, सगळ्याची राखण माझी. आणि हलगी वाजवणंही माझंच. इर्जिकीची रीत अशी होती, की ज्याला नड असेल त्यानं येऊन आतल्या खुंटीला नारळ बांधायचा. बोलायचं काही नाही. सकाळी मी हलगी काढायची, दारात उभं राहून वाजवायची. ज्याला यायचं तो बैलं घेऊन येणार, ज्याला नाही यायचं तो नाही येणार. कुणाला नावानं बोलवायचं नाही. का, ते मी बाला विचारलं होतं लहानपणी. बा म्हणाला, मोठा झालास की कळंल. म्हणजे त्यालाही ठावं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, हलगी तर कुठंबी मिळती. मिळती की. पण ती लग्नाची, मिरवणुकीची, मयताची. समाजमंदिरातली फक्त इर्जिकीची. तिचा आवाज गावातलं शेंबडं पोर ओळखायचं, बैलं तर त्याच्याआधी. दुसरी वाजवली असती तर लोकांनी विचारलं असतं, कोण गेलं म्हणून.

त्या दिवशी आत खुंटीला नारळ होता. अनसाआक्काचा. आदल्या सांजेला मी दार उघडलं तेव्हा बांधून गेलेली.

अनसाआक्का म्हणजे गावदरीच्या जाधवांची सून. नवरा जाऊन वर्ष व्हायचं होतं, आणि त्याच्या मागोमाग एक बैलही गेला. उरलेला एकटा दावणीला रवंथ करत बसलेला. पदरात एक पोर आणि एक रान, रस्त्याला लागून. तेच दुखणं होतं. त्या रानापलीकडं सरपंचानं वीटभट्टी टाकली. भट्टीला वाट होती, पण वळसा घालून. आक्काच्या रानातनं सरळ. सरपंचानं वाट मागितली, आक्का नाही म्हणाली. ग्रामसभेत मागितली, आक्का सभेतही नाही म्हणाली, उभी राहून. त्यानंतर सरपंचानं मागितलीच नाही. शाळू काढून रान मोकळं झालं आणि विटांची ट्रॉली थेट त्यातनं जायला लागली.

आक्का आडवी झाली तर ड्रायव्हर म्हणायचा, मावशे, रान पडूनच हाय न्हवं? कुठं पीक मोडतंय?

हाच सगळा डाव. रान पडीक राहिलं की वाट पडते, आणि एकदा वाट पडली की ती मिटत नाही. येत्या सालापर्यंत सगळे म्हणणार, हितनं पहिल्यापासनंच रस्ता हाय. रान नांगरायलाच पाहिजे होतं, आणि तेही लगेच. फाल्गुन लागला होता. काळी जमीन अशी वाळते की थोडे दिवस गेले असते तर नांगराचा फाळ तुटला असता, ढेकूळ निघालं नसतं.

म्हणून नारळ. आणि म्हणून कुलूप.

मी तसाच धोंडीबाकडं गेलो. धोंडीबा सरपंचाचाच चुलतभाऊ, पण गावात सगळ्यात ताकदीची बैलं त्याची. त्याचा नांगर पुढं असला की मागच्यांना जोर यायचा. आता नावानं तर बोलवायचं नाही. म्हणून मी नुसताच ओट्यावर जाऊन बसलो. ऊन लई पडलंय म्हणालो. तो म्हणाला, हो, पडलंय. मी म्हणालो, जमीन आवळायला लागली. तो म्हणाला, लागली खरी. मग आम्ही दोघं त्याच्या बैलांकडं बघत बसलो.

शेवटी त्यानंच काढलं. सरपंच सगळ्या घरांनी फिरून गेला होता. उद्या ज्याची बैलं त्या रानात दिसतील, त्याचं दूध डेअरीत घेतलं जाणार नाही. डेअरीचा चेअरमनही तोच.

"मग रं?" मी म्हणालो.

"मग काय. माझं तोंड बांधलंय, केरबा. पण बैलांचं कुठं बांधलंय? हलगी वाजली की ती दावं तोडत्यात. मला आवरत न्हाईत." त्यानं तंबाखू मळली, माझ्या हातावर अर्धी दिली. "पण वाजली तर. न वाजता मी निघालो, तर तो मी निघालो. वाजल्यावर निघालो, तर गाव निघालं."

तिथं ओट्यावर बसल्या बसल्या मला बाच्या रीतीचं कळलं. नाव घेऊन बोलावलं, की नाव घेऊन अडवता येतं. हलगीला नाव नसतं.

पण हलगी आत, खुंटीला. आणि बाहेर पितळी ठोकळा.

तिथनं मी आक्काकडं गेलो. ती भाकरीचं पीठ चाळत होती, एवढा मोठा ढीग. मी सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, आक्का, मी कुलूप तोडतो. माझं तोडलं त्यांनी, मी त्यांचं तोडतो. फिटंफाट.

"तू तोडायचीच वाट बघतोय त्यो," आक्का म्हणाली. हात चालूच. "हवालदार बोलावलाय सकाळला. हॉटेलवाल्याची बायको सांगत हुती. कुलूप तुटलं की केस. तू आत. आन् मंदिराला कायमचं टाळं."

"मग काय करायचं?"

"तुझ्या घरात पहार हाय?"

"हाय."

"घिऊन ये सकाळी. आन् कुलपाला बोट लावायचं न्हाई, काय?"

मला वाटलं, नवरा गेल्यापासनं बाई जरा सरकलीय. कुलपाला बोट लावायचं नाही, तर पहार काय दात कोरायला? पण तिच्या तोंडाकडं बघून विचारायची छाती झाली नाही.

सकाळी दिवस वर आला तशी पहार खांद्यावर टाकून गेलो. हॉटेलात सरपंच, शेजारी हवालदार. हवालदारापुढं भजी. माझ्या खांद्यावरची पहार बघून सरपंचाच्या तोंडावर असं समाधान पसरलं, जसं काही पोरीचं लग्न ठरलं. तो हवालदाराला कोपरानं ढोसून म्हणाला, बघा, म्हणलं न्हवतं?

आजूबाजूला गाव होतंच. कुणी दात घासतंय, कुणी उगाच चप्पल शिवायला आल्यागत. जवळ कुणी नाही. लांब पण कुणी नाही.

आक्का आली. डोक्यावरचा पदर कंबरेला खोचलेला. दारापुढं उभी राहिली आणि तिनं दारावरनं हात फिरवला, असा, जनावराच्या पाठीवरनं फिरवावा तसा. मग वळून सरपंचाला म्हणाली,

"भावजी, कुलूप तुमचं न्हवं?"

"पंचायतीचं."

"बरं, पंचायतीचं. आन् दार कुणाचं?"

सरपंचाचा हात मिशीवर थांबला. आठवायला लागला असावा. आणि त्याला आठवतंय हे मला दिसलं.

आता हे सांगायला पाहिजे. आमचं समाजमंदिर सरकारनं बांधलेलं नाही. आमच्या बापजाद्यांनी बांधलं, घराघरातनं आणून. कुणी दगड दिले, कुणी वासे, कुणी पत्रे. सरपंचाच्या आज्ज्यानं दाराखालचा घडीव दगडी उंबरा दिला, मोठ्या तोऱ्यात, वाजतगाजत. आमच्या मांगवाड्यात द्यायला काय होतं? माझ्या बानं हलगी दिली. आणि देताना म्हणाला, आमची हलगी आत जाणार असंल, तर पंगतीत आम्ही शेवटाला बसणार न्हाई. ते गावानं कबूल केलं, लगेच नाही, पण केलं. सगळं झालं आणि दारच नव्हतं. तेव्हा अनसाआक्काच्या सासऱ्यानं घरी जाऊन स्वतःच्या घराचं पुढचं दार उतरवलं. सागवानी, दोन फळ्यांचं. बैलगाडीत घालून आणून बसवलं. त्यांच्या घराला तेव्हापासनं गोणपाट.

"ह्या दारात मी माप लवंडलं," आक्का म्हणाली. मोठ्यानं नाही. पण हॉटेलातल्या भट्टीचा फरफराट सोडला तर दुसरा आवाजच नव्हता. "सासऱ्यानं दिलं तवा मला इचारून दिलं. म्हणले, पोरी, दार देऊ का? मी म्हणलं, द्या मामंजी. गावाला उघडं राहील म्हणून दिलं. बंद ऱ्हायाला न्हाई दिलं. मी माझं दार परत न्हेती." आणि माझ्याकडं वळून, "केरबा, लाव पहार."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जुन्या दारांना बिजागरी नसते. फळीच्या कडेला खाली-वर खुंट असतात. वरचा चौकटीतल्या भोकात, खालचा उंबऱ्यातल्या खळग्यात. दार वर उचललं की खालचा खुंट सुटतो. पहार एका फळीखाली घातली आणि दाबली. चार बोटं वर झाली. आक्कानं खालनं पाय लावला, खुंट खळग्यातनं निघाला. दुसऱ्या फळीला पहार घातली, पण आता दोन्ही फळ्यांचा भार एकट्याला पेलेना. पहार घसरली. माझ्या घोट्यावर सालटं निघालं.

तर मागनं एक हात पुढं आला. बघतो तर धोंडीबा. दातवण तोंडात तसंच.

"काय धोंडीबा," सरपंच उठला, "तूबी?"

"वहिनीचं दार पडतंय की रं अंगावर," धोंडीबा दातवण न काढता म्हणाला. "मी नुसतं धरलंय."

दोन्ही फळ्या अंगावर आल्या. मध्ये कडी, कडीत कुलूप, कुलूप जसंच्या तसं. आम्ही अख्खं दार उचलून भिंतीला टेकवलं. समाजमंदिर उघडं. आत खुंटीला हलगी आणि तिच्याशेजारी आक्काचा नारळ.

सरपंच हवालदाराला म्हणाला, बघता काय, सार्वजनिक मालमत्ता हाय. हवालदार भजं संपवून आला. कुलपाला हात लावून बघितलं, ओढून बघितलं. गावाकडं बघितलं. जाणता माणूस असणार, किंवा भजी कच्ची निघाली असतील.

"कुलूप तर शाबूत हाय," तो म्हणाला. "मला कुलूप तोडल्याची खबर हुती."

"दार चोरलं, दार."

"दार कुणाचं, बाई?"

"माझं."

हवालदारानं गावाला विचारलं, दार कुणाचं? आता इतका वेळ जी माणसं दात घासत होती, त्यातलं एक म्हातारं थुंकून म्हणालं, जाधवाचं. मग दुसरं म्हणालं, जाधवाचंच. सरपंचानं सगळ्यांकडं आळीपाळीनं बघितलं. पण किती जणांकडं बघणार?

"आन् तुमचा उंबरा," आक्का त्याला म्हणाली, "त्यो तसाच ठिवलाय. पाहिजे तर न्या."

मी आत गेलो. हलगी काढली. पालापाचोळा पेटवून तिला ऊब दिली, कातडं ताणलं, आणि त्या बिनदाराच्या चौकटीत, सरपंचाच्या आज्ज्याच्या उंबऱ्यावर दोन्ही पाय रोवून उभा राहिलो. माझ्या बानं त्या उंबऱ्यावर कधी पाय दिला नव्हता. वलांडून जायचा. मी दिला.

वाजवली. पहिल्यांदा काहीच नाही. धोंडीबाही कधीच घराकडं निघून गेलेला. हात भरून आले, घोट्यातनं रक्त, आणि रस्ता मोकळा. सरपंच हसला. म्हणाला, वाजव, वाजव, कुणाचं तरी लगीन आसंल. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर परत हात उचलला नसता.

मग खालच्या आळीकडनं घुंगरं वाजली. धोंडीबाची बैलं. खरंच दावं तोडून आल्यागत चाललेली. आणि मागनं धोंडीबा, खांद्यावर जू, तोंडातलं दातवण आता टाकलेलं. सरपंचापुढनं जाताना म्हणाला,

"मला कुणी बोलावलं न्हाई, दादा. हलगी वाजली."

त्याच्यामागं दुसरी जोडी. मग तिसरी. मग मोजायचं सोडून दिलं मी, वाजवतच राहिलो. माणसं येतच होती, आणि जो तो सरपंचापुढनं जाताना तेच म्हणत होता, हलगी वाजली म्हणून आलो. एक तर बिचारा बैलं नसलेला, खुरपं घेऊनच निघाला.

दार काही आक्कानं घरी नेलं नाही. चौघांनी ते खांद्यावर घेतलं आणि वाजतगाजत रानात आणलं. बांधावर दगड मांडून त्यावर आडवं टाकलं, धुतलं, वर धोतर अंथरलं, आणि बायकांनी त्यावर भाकरीच्या थप्प्या लावल्या. मधोमध पितळी कुलूप टेंगळागत वर आलेलं. थप्प्या त्याच्या भोवतीनं. शेजारी समाजमंदिराच्या हंड्यात घेवड्याची आमटी उकळत होती.

रानात आधी धोंडीबाचा नांगर उतरला. त्यानं सुरुवात कडेनं नाही केली. थेट मधनं, ट्रॉलीच्या चाकोरीवर फाळ घातला. जमीन तिथं अशी चेपलेली, की बैलं गुडघ्यावर आली. मी हलगी घेऊन त्यांच्या तोंडापुढं उलट्या पावलांनी चालत वाजवत राहिलो. बैलांनी मान टाकली, परत उचलली, आणि चाकोरी फाटली. काळंभोर ढेकूळ उलटं पडलं. त्याच्या मागनं सगळे नांगर.

दुपारी विटांनी भरलेला ट्रॅक्टर आला. बांधापाशी थांबला. ड्रायव्हरनं खाली उतरून बघितलं, पुढं गुडघाभर उलथलेलं रान. भरली ट्रॉली त्यात घातली असती तर दिवाळीलाच निघाली असती. टोपी काढून डोकं खाजवलं त्यानं. आक्कानं त्याला हाक मारली, म्हणाली, मावशीकडं आलायस तर जेवून जा. तो गप पंगतीत येऊन बसला.

पंगत एकच होती. मी धोंडीबाच्या शेजारी. हवालदारही कुठनंतरी उगवला होता, माझ्यापलीकडं, आणि आमटीचा भुरका मारत होता.

सरपंच चालत आला. बांधावर उभा राहिला. बराच वेळ कुणी मान वर केली नाही, सगळे जेवत राहिले.

"माझं कुलूप द्या," तो म्हणाला.

सकाळी पंचायतीचं होतं. दुपारी त्याचं झालं.

आक्का वाढता वाढता थांबली. "ते काय, दाराला हाय. किल्ली तुमच्याकडंच हाय न्हवं, भावजी? उघडा आन् न्या. पण हात धुवून, भाकऱ्या हायत."

कुलूप काढायचं म्हणजे सगळ्या गावापुढं वाकायचं, भाकरीच्या थप्प्या बाजूला करायच्या आणि आपलंच कुलूप आपल्याच हातानं उघडायचं. सरपंचाचा हात खिशात गेला. किल्ली मुठीत आलेली मला दिसली. हात तसाच राहिला.

"न्हाईतर जेवा," आक्का म्हणाली. "इर्जिकीच्या रानात आलेला माणूस उपाशी जात न्हाई. केरबा, सरक जरा."

मी सरकलो. माझ्या आणि हवालदाराच्या मध्ये जागा झाली. सरपंचानं त्या जागेकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग वळला आणि निघून गेला. पहिल्यांदा वळसा घालून गेला, बांधा-बांधानं.

डेअरीत दूध घेणार नाही म्हणाला होता, त्याचं काय? दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाचीच कॅन नाकारायची पाळी आली. मग डेअरीत ओतायला एकट्या सरपंचाची म्हैस उरली असती. घेतलं दूध.

आता यातलं कोण राहिलंय? सरपंच गेला, धोंडीबा गेला, आक्काही गेली. बैलं तर कधीच गेली. आता इर्जिकीला ट्रॅक्टर येतात, पोरं येतात, पण हलगी वाजल्यावरच. माझे हात थरथरतात, म्हणून आक्काची नात वाजवते. लई जोरात वाजवते, कातडं फोडंल एक दिवस.

दार अजून आक्काच्या बांधावर आहे, चिंचेखाली. इर्जिकीच्या भाकऱ्या त्याच्यावरच ठेवतात. कुलूप गंजून आता कडीचाच भाग झालंय. त्याची किल्ली शेवटपर्यंत कुणी आणून दिली नाही.

समाजमंदिराला आम्ही परत दार बसवलं नाही. मागं तालुक्याहून एक नवा साहेब आला होता पाहणीला. आत फिरला, हंडे बघितले, पराती बघितल्या, खुंटीची हलगी बघितली. मग चौकटीत उभा राहून म्हणाला, "एवढं सामान, आणि दार नाही? बाबा, चोरी होत नाही का इथं?"

"एकदाच झाली, साहेब," मी म्हणालो. "तवा कुलूप लावलं हुतं."